वैश्विक किरणांनी जीवसृष्टीचा इतिहास बदलला का?

परळची_बाई:
अकरावीला जीवशास्त्र शिकवते. उत्परिवर्तनाचा धडा चालू होता. एका मुलीने विचारलं, "अवकाशातून येणारे किरण डीएनए बदलतात, मग उत्क्रांती त्यांनीच घडवली का?" तिला वाटेला लावायचं नाही. पुराव्यासकट काय सांगू?

सायनकर:
तिला तळहात आडवा धरायला सांगा. दर सेकंदाला एखाद-दुसरा म्युऑन (वैश्विक किरण हवेवर आदळून तयार होणारा सूक्ष्म कण) त्यातून आरपार जातो. तरी नैसर्गिक किरणोत्साराच्या वार्षिक २.४ मिलिसिव्हर्टपैकी (किरणोत्साराची मात्रा मोजायचं एकक; ही जगाची सरासरी) वैश्विक किरणांचा वाटा जेमतेम सहावा हिस्सा. शिवाय बहुतेक उत्परिवर्तनं पेशीच्या आतच होतात, डीएनएची नक्कल उतरताना. त्यामुळे 'घडवली' म्हणवत नाही.

कुलाब्याचा_विनू:
रोजचा हिशोब पटला. माझा जीव अडकलाय तो जवळच्या सुपरनोव्हात, म्हणजे ताऱ्याच्या स्फोटात. अशा स्फोटातून येणाऱ्या लोह-६० या किरणोत्सारी लोहाचं अर्धायुष्य (निम्मं संपायला लागणारा काळ) सुमारे २६ लाख वर्षं, म्हणजे पृथ्वी घडताना असलेलं केव्हाच संपलं. तरी पॅसिफिकच्या तळावरच्या कवचात, साधारण २० ते ३० लाख वर्षांपूर्वीच्या थरात ते सापडतं. ते बाहेरूनच आलंय! त्याने कोणाचा जीव घेतला, हे मात्र सिद्ध झालेलं नाही.

मारण्याची रीत वेगळी असते. किरणांमुळे हवेत नायट्रोजन ऑक्साइडं तयार होतात, ती ओझोन खातात, मग आपल्याच सूर्याचे अतिनील किरण थेट खाली येतात. ३५.९ कोटी वर्षांपूर्वी, डेव्होनियन कालखंड संपताना, वनस्पतींचे बीजाणू विद्रूप झालेले दिसतात. ओझोन घटल्याची ती खूण असावी. त्यामागे सुपरनोव्हा असेल, असं २०२० मध्ये काही शास्त्रज्ञांनी मांडलं. त्या थरांत प्लुटोनियम-२४४ (पृथ्वीवर आपोआप न बनणारं किरणोत्सारी मूलद्रव्य) मिळालं, तर मोठा पुरावा ठरेल. त्याचं अर्धायुष्य ८ कोटी वर्षं, त्यामुळे थोडंसं उरलेलं असायला हवं. मुलीला हा भाग जरूर सांगा, कारण इथे शोधायला अजून जागा आहे.

परळची_बाई:
पुढचा प्रश्न डायनासोरांचा येणार, हे नक्की.

कुलाब्याचा_विनू:
तिथे ही तपासणी झालेली आहे. डायनासोर संपले त्या काळच्या, इरिडियम या दुर्मिळ धातूने भरलेल्या थरात अल्वारेझ पिता-पुत्रांच्या गटाने प्लुटोनियम-२४४ शोधलं. मिळालं नाही, म्हणून १९८० च्या निबंधात त्यांनी सुपरनोव्हाची कल्पना बाजूला ठेवली आणि अशनिपात मांडला. शक्य असेल तर मुलांना अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला न्या. साधारण त्याच सुमाराचा बेसाल्ट तिथे उभा आहे.