दयारा बुग्याल (उत्तराखंडमधलं उंचावरचं गवताळ कुरण), नोव्हेंबरअखेर: पाणी आणि गॅसचं काय करावं?

भटक्या: १२ जण आहोत, निम्मे नवखे. रैथल गावाकडून चढून बारसू गावाला उतरणार. स्टोव्हला साधा ब्युटेन चालेल ना? पाणी किती?

कातळकडा: नाही चालणार. शून्य अंशाच्या आसपास ब्युटेनची वाफच होत नाही. ज्योत मिणमिणते आणि गॅसचा डबा भरलेलाच राहतो. आयसोब्युटेन-प्रोपेन मिश्रणाचा डबा घ्या, रात्री स्लीपिंग बॅगेत ठेवा. माणशी २ लिटर पाणी खाली झाडीतच भरून घ्या, वर झरे गोठलेले असू शकतात. बाटली रात्री उलटी ठेवायची. बर्फ वरच्या बाजूने धरतो, झाकण मोकळं राहतं.

रानवाट: आणि तंबू कुरणावर नको. उत्तराखंड हायकोर्टाने २०१८ मध्ये बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली. वन खात्याच्या परवान्यात लिहिलेली जागाच धरा. उतरताना खरी मेख ओकच्या पाचोळ्याखाली असते: दव गोठून काच झालेली. ऊन पडायच्या आत निघालात तर कोणीतरी आपटणारच. नवखे मध्ये, शेवटाला जाणता. साडेपाचनंतर झाडीत अंधार.

भटक्या: मोबाइलची बॅटरी?

कातळकडा: आतल्या खिशात, अंगालगत. पॉवरबँकही तिथेच.