दमून आल्यावर ‘शांत’ गेम? जो मध्येच ठेवता येत नाही तो शांत कसला?

परतीचा प्रवासी

परवा ‘हिरवी वाट’ यांनी इथे लिहिलं होतं की दिवसभर राबून आलेल्या माणसाने स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम लावावा, शेत नांगरावं, गायीचं दूध काढावं, मन आपोआप निवतं. इथवर ठीक. पण पुढे त्यांनी असंही लिहिलं की बंदुकीचे गेम खेळणाऱ्यांना विश्रांती म्हणजे काय हे कळलेलंच नाही. हे वाक्य दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. मी बंदुकीचे गेम खेळत नाही, तरीही राग आला, कारण माझी झोप त्या शेतानेच घालवली होती.

मी फोर्टला हिशेबाच्या कामात आहे, राहायला बदलापूरला. सकाळी पावणेसातला घर सोडतो, रात्री नऊच्या पुढे परततो. जेवून हात धुतले की एक तास उरतो, मार्चमध्ये तोही नाही. २०२२ च्या पावसाळ्यात तो तास मी स्टारड्यूला दिला. त्यातला दिवस सकाळी ६ ला सुरू होतो आणि रात्री २ ला संपतो, आपल्या घड्याळाने जेमतेम १४ मिनिटं. तेवढ्यात पाणी घाला, गुरांचं बघा, खाणीत उतरा, दुकान बंद व्हायच्या आत बियाणं आणा. कोपऱ्यात अंगातल्या ताकदीची पट्टी उतरत असते. २ वाजेपर्यंत अंथरूण गाठलं नाही तर माणूस जागीच आडवा होतो आणि वर पैसे जातात. अहो, हा तर माझाच दिवस!

ब्लूबेरीला पिकायला १३ दिवस लागतात आणि तिथला उन्हाळा २८ दिवसांचा. मी १८ तारखेला लावली. ऋतू बदलला आणि सगळं शेत वाळून गेलं. त्या रात्री साडेबाराला अंथरुणात पडून मी पुढच्या उन्हाळ्याची लागवड मांडत होतो. बायकोने विचारलं, ऑफिसात काही झालंय का? काय सांगणार तिला? शिवाय तो गेम सेव्ह होतो झोपल्यावरच. दिवस संपायच्या आत बंद केलात तर त्या दिवसाची मेहनत पाण्यात.

माझं म्हणणं एवढंच आहे. चित्र हिरवं आणि संगीत मंद असलं म्हणून गेम शांत होत नाही. दमलेल्या प्रत्येकाला असा गेम हवा ज्यातून कुठल्याही क्षणी उठता येईल आणि उठल्याबद्दल काहीही कापलं जाणार नाही. मी आता टाउनस्केपर खेळतो. समुद्रात बोट टेकवलं की रंगीत घर उगवतं, शेजारी टेकवलं की त्याला कमान फुटते, जिना येतो. ध्येय नाही, गुण नाहीत, हरणं नाही. कुकरची शिटी झाली, ठेवला फोन, गॅस बंद केला, परत आलो तर गाव तसंच उभं.

हिरवी वाट

माझं एक वाक्य उचलून एवढं लिहिलंत, तर उत्तरही पूर्ण वाचा. मोबाइलवर स्टारड्यू मध्येच बंद केला तरी परत तिथूनच उघडतो. म्हणजे तुमचा अर्धा मुद्दा इथेच संपला.

राहिला अर्धा. ब्लूबेरी वाळली तर त्या गेममध्ये कोण ओरडतं तुम्हाला? कर्ज नाही, सावकार नाही, शेत कुणी हिसकावून घेत नाही. तुम्ही त्याला मार्च एन्डिंगसारखं खेळलात. सुरुवातच आठवा: कंपनीच्या ऑफिसात ओळीने टेबलं, त्यातल्या एकावर आपण, आणि ड्रॉवरमध्ये आजोबांचं पत्र. एरिक बॅरोनने एकट्याने चार वर्षांहून जास्त खपून हा गेम केला, २०१६ ला आला. चित्रं त्याचीच, संगीतही त्याचंच.

आणि मला तो का लागतो ते सांगते. राजापूरजवळ आजीची जमीन होती. दहा गुंठे भात, फणसाची तीन झाडं, विहीर. वाटणीत गेली आणि विकली, आम्हाला कुणी विचारलंसुद्धा नाही. मी गोरेगावला वन आरकेमध्ये राहते, खिडकीत कुंडी ठेवायची तर सोसायटी नोटीस काढते. रात्री दहाला त्या शेतात पाणी घालताना मला आजी दिसते. ही विश्रांती नाही असं तुम्ही कशाच्या जोरावर म्हणता?

परतीचा प्रवासी

मोबाइलचं मान्य. मी लॅपटॉपवर खेळायचो, तिथे मी म्हणतोय तसंच आहे. आजीबद्दल मी काहीच बोललो नव्हतो, बोलणारही नाही. पण तुमच्यासाठी तो शांत आहे म्हणजे सगळ्यांसाठी आहे, असं होत नाही. बंदुकीवाल्यांबद्दलचं वाक्य तुम्ही अजून मागे घेतलेलं नाही.

नाक्यावरचा

त्या वाक्याचं उत्तर मी देतो, ते माझ्यावरच होतं.

लालबागला आमची चाळ पाडली. आम्ही पाच जण, शाळेपासून एकत्र. आता एक संक्रमण शिबिरात, एक विरारला, एक पुण्यात, एक दुबईत, मी कळंबोलीला. पूर्वी रात्री जेवून नाक्यावर उभे राहायचो, आता साडेदहाला मोबाइलवर बीजीएमआय, म्हणजे पबजीचाच भारतातला अवतार. शंभर जण विमानातून उड्या मारतात, मोठ्या नकाशावर अर्धा तास जातो. गोळ्या चालू असतात आणि आमच्या गप्पा काय, तर आईचा गुडघा, ईएमआय, पोराची ॲडमिशन. २०२० च्या सप्टेंबरमध्ये पबजीवर बंदी आली तेव्हा दहा महिने आमचं बोलणं तुटलं होतं. ग्रुपवर ‘गुड मॉर्निंग’ टाकणं म्हणजे बोलणं नाही. २०२२ मध्ये परत बंद झाला तेव्हा दुबईवाल्याचे वडील गेले आणि आम्हाला चार दिवसांनी कळलं.

मॅच अर्ध्यात सोडता येत नाही, खरं आहे. नाक्यावरूनही मी गप्पा अर्ध्यात टाकून निघत नव्हतो. ताई, मला विश्रांती कळते.

चौथी सीट

तुमचं सगळ्यांचं वाचलं. माझं वय ५८. दिवसाचा शीण घरी नेऊन मग काढायचा ही कल्पनाच मला पटत नाही. १९९६ पासून आमचा संध्याकाळच्या अंबरनाथ फास्टमध्ये पत्त्यांचा ग्रुप होता. मांडीवर बॅग, बॅगेवर रुमाल, मेंढीकोट. भायखळ्याला पिसायला घेतले की ठाणे कधी आलं कळायचं नाही. कुणाच्या घरी बारसं असेल तर पेढे डब्यातच. घरी पोचायचो तेव्हा माणूस मोकळा झालेला असायचा. आता त्याच डब्यात वीस जण वीस मोबाइल घेऊन बसतात, त्यातले पाच आवाज चालू ठेवून. कुणाचा लुडोचा फासा, कुणाच्या गोळ्या. शेजारचा माणूस मेला तरी कळणार नाही.

उभा प्रवासी

काका, तुमच्या त्या ग्रुपबद्दल दुसरी बाजू पण येऊ द्या. २००९ ला मी नोकरीला लागलो तेव्हा २२ वर्षांचा होतो. सीएसएमटीला गाडी लागली, मी धावत चढलो, खिडकीजवळच्या रिकाम्या जागेवर बसलो. चार जण अंगावर आले, “उठ, इथे आमचा माणूस बसतो.” माणूस मशीद बंदरला चढणार होता. मी उठलो नाही तर बॅग उचलून दाराकडे टाकली. कल्याणपर्यंत उभा गेलो, डबा सांडून शर्टाला डाळ लागलेली. त्यानंतर कधीही पत्त्यांच्या घोळक्याजवळच्या सीटला हात लावला नाही. तुम्ही मोकळे होऊन घरी जात होतात, ते आमच्या पायांवर.

चौथी सीट

आमच्या ग्रुपने असं कधीही केलेलं नाही. चार टवाळांचं पाप सगळ्यांच्या माथी मारू नका.

उभा प्रवासी

जागा धरून ठेवत होतात की नाही, एवढंच सांगा.

चौथी सीट

धरायचो. रुमाल टाकायचो. सगळेच टाकत होते. पण म्हातारा माणूस, आजारी माणूस आला तर आमच्यातला एक उठायचा. तुम्ही डोळे मोबाइलमध्ये घालून बसता, समोर कोण उभं आहे हे पाहतही नाही. मोबाइल हीसुद्धा जागा धरण्याचीच रीत आहे.

नाक्यावरचा

काका, रुमाल टाकून सीट अडवणं आणि फोनकडे बघणं एक कसं झालं? माझ्या बाबांना ब्लॉकेज होतं तेव्हा ते ठाण्याहून उभे यायचे. तुमच्यासारख्याच एका ग्रुपने त्यांना उभं ठेवलंय. हे मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

चौथी सीट

तुमच्या वडिलांच्या बाबतीत झालं ते वाईट झालं. तो आमचा ग्रुप नव्हता हे मी शपथेवर सांगू शकतो, पण सांगून उपयोग काय, तुम्ही ठरवूनच बसलायत. एवढं मात्र कबूल करतो, रुमाल टाकायला नको होता.

मेथीची जुडी

पुरुषांच्या डब्यातल्या सीटवर एवढी भांडणं वाचली, आता लेडीज डब्यातलं ऐका. मी वसईहून अंधेरीला जाते. परतीला आमच्या डब्यात मटार सोलतात, मेथी निवडतात, गवार मोडतात. वर्तमानपत्रात असल्या डब्याचे फोटो कौतुकाने छापून येतात. त्यात कौतुक काही नाही. घरी पोचल्यावर वेळ मिळणार नाही हे माहीत असतं म्हणून निवडतो.

या अख्ख्या चर्चेत दमून घरी आल्यावर गेम खेळायचा ‘एक तास’ सगळ्यांकडे आहे. तो येतो कुठून? माझा नवराही सव्वाआठलाच येतो. बूट काढले की सोफ्यावर फोन घेऊन आडवा. “जरा डोकं शांत करतो.” मी त्याच वेळी कणीक मळत असते. माझं डोकं कधी शांत करू? परतीचे प्रवासी, तुम्ही कुकर बंद करायला उठता म्हणालात, तुमचं कौतुक आहे. पण लावला कुणी होता?

मोजपट्टी

थोडं मोजमाप आणतो. २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ॲनिमल क्रॉसिंग आणि प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीजचा एक गेम खेळणाऱ्या तीन हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास केला. खेळण्याचे तास खेळाडूंना विचारले नाहीत, कंपन्यांच्या नोंदींतून घेतले. जास्त खेळणारे किंचित जास्त समाधानी दिसले. किंचितच, आणि खेळल्यामुळेच समाधानी झाले असं त्यातून सिद्ध होत नाही. पण दोघांतला दुसरा गेम गोळीबाराचाच आहे. म्हणजे ‘हिरवी वाट’ यांचं ते वाक्य टिकत नाही.

मेथीची जुडी

त्या तीन हजारांच्या घरी रात्री पोळ्या कोण लाटत होतं, याची नोंद कंपनीकडे होती का?

परतीचा प्रवासी

कुकर बायकोच लावते. ती नोकरी करत नाही म्हणून आमचं तसं ठरलेलं आहे, असं लिहिणार होतो. मग आठवलं की ती पहाटे साडेचारला उठून माझा डबा करते. असो. याला माझ्याकडे उत्तर नाही.

पण मूळ मुद्द्याला अजून कुणी हात लावलेला नाही. मध्येच उठता येतं की नाही, हीच कसोटी. ताईंच्या घरातही हीच लागू होते. हाक मारल्यावर उठवतच नाही असला गेम घरात का असावा?

उभा प्रवासी

मी हात लावतो. तुमची कसोटी मला चुकीची वाटते.

मी रोज रात्री मिनी मेट्रो खेळतो आणि त्यात मुंबईचा नकाशा लावतो. गोल, त्रिकोण, चौकोन अशी स्टेशनं उगवत जातात, आपण रंगीत रेघांनी जोडायची. खेळातल्या दर आठवड्याला एक नवीन इंजिन मिळतं. एखाद्या स्टेशनावर माणसं साठली आणि वेळेत हलली नाहीत की खेळ खलास. तुमच्या हिशेबाने हा सगळ्यात वाईट गेम. पंधरा वर्षं मी रोज गर्दीत चिरडला जातोय आणि त्या गर्दीचं मला काहीही करता येत नाही. तिथे करता येतं. रेघ ओढली, डबा जोडला, माणसं निघाली. खेळ हरतो तेव्हासुद्धा मी दादरच्या पुलावरून उतरताना असतो त्यापेक्षा शांत असतो. मला ‘उठता येण्याची’ गरज नाही. माझ्या हातात काहीतरी आहे असं वाटण्याची आहे.

परतीचा प्रवासी

त्यात न संपणारा मोडही आहे ना? स्टेशन भरलं तरी खेळ थांबत नाही तो? तो का खेळत नाही?

उभा प्रवासी

एकदा खेळलो. गर्दी साठत राहते आणि कुणाचं काही बिघडत नाही. तसं मी रोज बघतो.

परतीचा प्रवासी

बरं. तुमच्यापुरतं मान्य. ‘प्रत्येकाला’ हा शब्द मी मागे घेतो. ब्लूबेरीबद्दलचं मत मात्र तेच.

हिरवी वाट

मीही ते वाक्य मागे घेते. नाक्यावरचे, तुमचं वाचून घेते आहे, ऑक्सफर्डचं नाही. पण आवाज चालू ठेवून डब्यात खेळणाऱ्यांना मी आजही माफ करणार नाही.

नाक्यावरचा

मी इअरफोन लावतो. काकांनाही सांगा, डब्यात एवढ्या मोठ्याने कोट देऊ नका म्हणावं.

चौथी सीट

ग्रुप २०२० ला मोडला. दोघं कोविडमध्ये गेले, बाकीचे रिटायर झाले. आवाज आता कुणाचाच नाही.

नाक्यावरचा

सॉरी काका. माहीत नव्हतं.

मेथीची जुडी

काल रात्री नवऱ्याला हे सगळं वाचायला दिलं. ‘मी त्यातला नाही’ म्हणाला. मग मी माझं वरचं लिहिणं कॉपी करून परत दाखवलं.

आज आल्यावर मी टाउनस्केपर उतरवून घेतला आणि सोफ्यावर बसले. वसईच्या खाडीसारखं पाणी, त्यात लाल कौलांची पाच घरं केली. कुकर त्याने लावला. शिट्ट्या झाल्या तरी मी उठले नाही. तीनला बंद करायचा असतो हे त्याला माहीत नव्हतं, सहा झाल्यावर विचारायला आला. भात गिच्च झाला. तोच जेवलो.