बार्सेलोना: गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या आईसह सहा रात्रींचा मुक्काम कसा आखावा?

मासुंदा (ठाणे)

नमस्कार. येत्या मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही चौघे, म्हणजे मी, पत्नी, चौदा वर्षांची मुलगी आणि एकाहत्तर वर्षांची आई, युरोपला जाण्याच्या विचारात आहोत. ओळखीच्या एका सहल कंपनीने दहा दिवसांत सहा देशांचा कार्यक्रम सुचवला होता. पण रोज पहाटे सामान बांधून बसमध्ये चढण्याची ती धावपळ आईला झेपणार नाही, म्हणून एकाच शहरात सहा रात्री राहायचे ठरवले आहे.

शहर आईनेच निवडले. ती ठाण्यातल्या एका शाळेत तीस वर्षे चित्रकला शिकवत होती आणि मासिकांतून कापून ठेवलेली तिथल्या वास्तुविशारद गौदीच्या इमारतींची चित्रे तिच्या कपाटात आजही आहेत. दोन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदलला. तलावपाळीला ती रोज एक फेरी न थांबता मारते, मात्र जिना चढताना तिला कठडा धरून एकेक पायरी चढावी लागते. ती पूर्ण शाकाहारी आहे आणि अंडेही खात नाही.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. राहण्यासाठी शहराचा कोणता भाग निवडावा? व्हिसाची तयारी केव्हा सुरू करावी? आणि गौदीचे काम आईला दमवणूक न होता नीट पाहता यावे, यासाठी दिवसांची आखणी कशी करावी? जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

सीवूड्स (नवी मुंबई)

मासुंदा, आईंनी स्वतः निवडलेले शहर त्यांना दाखवायला नेत आहात, हे वाचून फार बरे वाटले. आम्ही सासूबाईंना घेऊन तेथे आठ दिवस राहिलो होतो. त्या वेळी झालेली एक चूक आधी सांगते, कारण ती तुमच्या हातून होऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आम्ही जुन्या शहरात, बार्री गोतिकमध्ये, ‘पहिला मजला’ असे वाचून घर घेतले. तेथील जुन्या इमारतींत तळमजल्याच्या वर ‘एन्त्रेस्वेलो’ आणि त्याच्या वर ‘प्रिन्सिपाल’ असे मजले असू शकतात आणि पहिला मजला त्यानंतर मोजला जातो, हे आम्हाला दारात सामान उतरवल्यावर समजले. लिफ्ट नव्हती. सासूबाई पहिल्या वळणावर थांबल्या, लोखंडी कठड्यावर दोन्ही हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या आणि ‘तुम्ही व्हा पुढे, मी येते’ म्हणाल्या. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. म्हणून घर किंवा हॉटेल घेताना मालकाला लेखी विचारा की रस्त्यापासून खोलीपर्यंत एकूण पायऱ्या किती आहेत आणि लिफ्टपर्यंत पोहोचण्याआधी किती चढाव्या लागतात. घर घेणार असाल तर जाहिरातीत पर्यटक निवासाचा परवाना क्रमांक आहे ना, तेही पाहा.

माझ्या मते तुम्ही अशाम्प्ला या भागात राहावे. जुन्या शहराची तटबंदी पाडायला सुरुवात झाल्यावर ईल्देफोन्स सेर्दा या अभियंत्याने १८५९ साली या विस्ताराचा आराखडा तयार केला. साधारण ११३ मीटर लांबी-रुंदीचे चौकोनी ठोकळे, त्यांचे तिरके कापलेले कोपरे आणि किमान २० मीटर रुंदीचे सरळ रस्ते अशी त्याची रचना आहे. सिडकोने आखलेल्या शहरात वाढलेल्या माझ्यासारखीला तेथे पहिल्याच दिवशी ओळखीचे वाटले. मुख्य म्हणजे हा भाग बहुतांशी सपाट आहे, पदपथ रुंद आहेत आणि ठिकठिकाणी बसायला बाके आहेत. गौदीची कासा बात्यो आणि कासा मिला ही दोन्ही घरे याच भागात, पासेच द ग्रासिया या एकाच रस्त्यावर आहेत. बाहेरून दोन्ही पाहायला तिकीट लागत नाही आणि समोरच्या बाकावर आईंना वहीत रेखाटन करत तासभर सहज बसता येईल.

गौदीच्या साग्रादा फामिलिया या चर्चचे तिकीट ठरावीक वेळेचे असते. ते आधीच ऑनलाइन काढावे, तेथे जाऊन मिळेल या भरवशावर राहू नये. वेळ शक्यतो सकाळची घ्या. बांधकाम १८८२ साली सुरू झाले, पुढच्याच वर्षी ते गौदीकडे आले आणि १९२६ साली ट्रामच्या धडकेने त्याचा मृत्यू होईपर्यंत तो त्यात गुंतलेला होता. त्याची समाधीही तेथेच, तळघरात आहे. आतले खांब वर जाऊन झाडासारखे फांद्यांत फुटतात. पूर्वेच्या खिडक्यांना निळ्या-हिरव्या काचा आहेत आणि पश्चिमेच्या खिडक्यांना तांबड्या-नारिंगी, त्यामुळे उजेडाचा रंग दिवसभर बदलत राहतो. आम्ही दहाच्या सुमारास आत होतो. सासूबाईंच्या पांढऱ्या साडीच्या काठापासून पदरापर्यंत हिरवा आणि मग निळा प्रकाश हळूहळू सरकत होता, आणि त्या स्वतःच्या पदराकडे बघत बसून राहिल्या होत्या. कलाशिक्षिकेला तेथून उठवण्याची घाई करू नका. त्या दिवशी दुसरे काही ठरवूच नका. मनोऱ्यांचे वेगळे तिकीट मात्र आईंसाठी घेऊ नये, कारण वर लिफ्टने नेले जात असले तरी खाली अरुंद, गोल जिन्याने उतरावे लागते.

पार्क ग्वेल ही गौदीची बाग टेकडीवर आहे. मेट्रोने गेल्यास बराच चढ चालावा लागतो आणि एका बाजूला सरकते जिने असले तरी मध्ये मध्ये पायऱ्या येतातच. त्याऐवजी शहराच्या मध्यभागातून सुटणारी २४ क्रमांकाची बस घ्या, ती बागेच्या बाजूच्या प्रवेशद्वाराजवळ सोडते. तेथील नागमोडी बाक फुटक्या चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवलेला आहे. आपल्याकडे इमारतींच्या गच्चीवर चायना मोझॅक करतात, त्याच जातीचे हे काम आहे. पण त्यातून काय काय उभे राहू शकते, हे आईंना बोटांनी चाचपून बघू द्या.

ऐरोलीकर

व्हिसाविषयी लिहितो, कारण मे महिन्यात जायचे असेल तर तुमच्या हाती फार वेळ नाही. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाची नेहमीची मुदत पंधरा दिवसांची असली तरी ती ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते. उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर भेटीच्या वेळा भराभर संपतात, त्यामुळे फेब्रुवारीत कागदपत्रे तयार ठेवून मिळेल ती पहिली वेळ घ्यावी.

तुम्ही सर्व रात्री स्पेनमध्येच राहणार असल्याने अर्ज स्पेनकडेच करायचा आहे. पुढे मोह होऊन दुसरा देश जोडलात, तर ज्या देशात जास्त दिवस राहणार असाल त्याच्याकडे अर्ज करावा लागतो आणि दिवस समान असतील तर ज्या देशातून प्रथम प्रवेश करणार त्याच्याकडे. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे. सवलतीचे शुल्क बारा वर्षांखालील मुलांसाठी असल्याने तुमच्या मुलीलाही पूर्ण शुल्क लागेल आणि बोटांचे ठसे देण्यासाठी तिलाही हजर राहावे लागेल. शाळेचे बोनाफाइड प्रमाणपत्र आणि जन्मदाखला तिच्या फाइलमध्ये असू द्या. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा आणि त्यात दोन कोरी पाने हवीत. आईंचा पासपोर्ट आजच काढून पाहा, कारण वडीलधाऱ्यांचे पासपोर्ट वर्षानुवर्षे कपाटात पडून असतात आणि मुदत संपल्याचे ऐन वेळी लक्षात येते.

प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा आणि सर्व शेंगेन देशांत चालणारा असावा लागतो. व्हिसापुरती ही अट साधी पॉलिसीही पूर्ण करू शकते, परंतु आधीपासूनच्या आजारांबाबत आणि शस्त्रक्रियेबाबत तीत काय लिहिले आहे, ते ओळ न ओळ वाचून मगच पैसे भरावेत. कृत्रिम सांध्यामुळे विमानतळावरचे धातुशोधक यंत्र वाजते, म्हणून शल्यविशारदांचे इंग्रजीतील पत्र जवळ ठेवा. व्हीलचेअरची मागणी विमान कंपनीकडे निघण्याच्या किमान ४८ तास आधी नोंदवा. आई चालू शकतात म्हणून ती नाकारू नका, कारण मुंबईहून जाताना वाटेत विमान बदलावे लागले तर मोठ्या विमानतळावर बरीच पायपीट होते.

मासुंदा (ठाणे)

आपणा दोघांचे मनापासून आभार. सीवूड्स यांनी लिहिलेला काचांच्या उजेडाचा भाग मी आईला मोठ्याने वाचून दाखवला, आणि तिने तो पुन्हा वाचायला लावला. पासपोर्टही पाहिला. त्याची मुदत ऑगस्टमध्ये संपते आहे, म्हणजे तीन महिन्यांचा हिशेब जेमतेमच बसतो, त्यामुळे नूतनीकरणाचा अर्ज या आठवड्यातच करतो.

आता दोन प्रश्न उरतात. आईच्या जेवणाचे काय करावे? आणि मोन्सेरातचा डोंगर तिला जमेल का?

पारसिक (कळवा)

आम्हीही शाकाहारी आहोत आणि कामानिमित्त मी तेथे वर्षभर होतो, म्हणून जेवणाविषयी खात्रीने लिहितो. उपाशी राहण्याची वेळ येणार नाही, पण प्रत्येक वेळी विचारावे लागेल. ‘मांस नको’ एवढे सांगून पुरत नाही, कारण सुकवलेल्या हॅमचे तुकडे किंवा ट्यूना मासा सॅलडमध्ये सहज घातला जातो. ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन, सिन उएवो’, म्हणजे मांस, मासे, हॅम आणि अंडे यांपैकी काहीही नको, हे कागदावर लिहून घ्या आणि तो कागद आईंच्या पर्समध्ये ठेवा. टोमॅटो चोळून ऑलिव्ह तेल घातलेला पाव तेथे सर्वत्र मिळतो. एस्कालिवादा म्हणजे निखाऱ्यावर भाजून सोललेली वांगी आणि भोपळी मिरची. तिचा धुरकट वास आपल्या वांग्याच्या भरताची आठवण करून देतो. बेदाणे आणि चिलगोजासारख्या बिया घालून परतलेला पालकही मागून पाहा. बटाट्याची ‘तोर्तिया’ मात्र टाळा, ती अंड्याची असते. क्रेमा कातालाना या गोड पदार्थातही अंडे असते.

खरी अडचण वेळेची आहे. दुपारचे जेवण दोनच्या सुमारास होते आणि रात्रीचे अनेक ठिकाणी साडेआठ-नऊच्या आधी मिळत नाही. आईंना साडेसातला जेवायची सवय असेल, तर स्वयंपाकघर असलेले घरच घ्यावे. दुपारचे जेवण बाहेर करावे, कारण तेव्हा ठरावीक किमतीची थाळीवजा योजना असते, आणि संध्याकाळी घरी खिचडी लावावी. डाळ-तांदूळ आणि मसाले रावाल भागातील भारतीय उपखंडाच्या दुकानांत मिळतात. बोकेरियाच्या बाजारात फळे उत्तम असतात, पण रविवारी तो बंद असतो.

येथून भाजणी, मेतकूट, कोरडा चिवडा जरूर न्या. साजूक तूप आणि पेढे मात्र नेऊ नका, कारण युरोपीय संघाबाहेरून प्रवाशांना सामानातून दुधाचे व मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. मे महिना आहे म्हणून कोणी हौसेने हापूसची पेटी बरोबर दिली तर तीही येथेच ठेवावी लागेल. ताज्या फळांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते आणि त्यातून सुटलेल्या मोजक्या फळांत आंबा नाही.

मोन्सेरात आईंना नक्की जमेल. शहरातल्या प्लासा एस्पान्या स्थानकाहून आर-५ ही गाडी घ्यायची आणि मोनिस्त्रोलला उतरून समोरच्या ‘क्रेमायेरा’त, म्हणजे दातेरी रुळाच्या गाडीत बसायचे. ही गाडी १८९२ साली सुरू झाली, १९५७ मध्ये बंद पडली आणि २००३ मध्ये नव्याने सुरू झाली. डोंगरावरचा ख्रिस्ती मठ सुमारे ७२० मीटर उंचीवर, जवळजवळ माथेरानइतक्या उंचीवर आहे. आईंनी नेरळहून माथेरानच्या गाडीचा प्रवास केला असेल, तर त्यांना ही चढण फार आवडेल. दोरवाटेने जाण्याचाही पर्याय आहे, पण तिचे स्थानक वेगळे असल्याने कोणत्या मार्गाने जाणार, हे तिकीट काढतानाच ठरवावे लागते. मठाच्या आवारात चढ-उतार आहेत, म्हणून वर पोहोचल्यावर आईंना चर्च आणि समोरच्या चौकापुरतेच फिरवा.

घोडबंदर_रोड

एक छोटी पण महत्त्वाची सूचना. ला राम्ब्ला या गजबजलेल्या रस्त्यावर आणि मेट्रोमध्ये खिसेकापूंचा त्रास खरोखरच आहे. आपण गर्दीच्या लोकलमध्ये बॅग पुढे धरतो तशीच ती तेथेही धरावी आणि कॅफेच्या टेबलावर फोन ठेवू नये. पत्नीचा फोन आम्ही पाणी ओतून घेईपर्यंत गेला. मूळ पासपोर्ट घरी ठेवून छायाप्रत जवळ बाळगा. चोरी झालीच तर पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या, विम्यासाठी ती लागते. तातडीचा क्रमांक ११२ आहे.

सीवूड्स (नवी मुंबई)

तिकिटांविषयी लिहायचे राहिले होते. मेट्रो-बसचे दहा फेऱ्यांचे टी-कॅज्युअल कार्ड एकाच व्यक्तीला वापरता येते, ते चौघांत फिरवता येत नाही, आणि विमानतळाच्या मेट्रो स्थानकांवर ते चालत नाही. आईंसाठी मेट्रोपेक्षा बस बरी. बसगाड्या खालच्या पायरीच्या असतात आणि खिडकीतून शहरही दिसते, तर काही मेट्रो स्थानकांत गाडी बदलताना बोगद्यातून फार लांब चालावे लागते. बार्सेलोनेताच्या किनाऱ्यावर एक संध्याकाळ ठेवा. मे महिन्यात समुद्राचे पाणी गार असते, पण किनाऱ्यालगतचा रस्ता सपाट आहे आणि सूर्य नऊच्या सुमारास मावळत असल्याने घाई करावी लागत नाही.

मासुंदा (ठाणे)

सर्वांचे आभार. अशाम्प्लातील एका घराच्या मालकिणीला काल पायऱ्यांविषयी लिहिले होते. तिने उत्तरासोबत दाराचे छायाचित्र पाठवले आहे: रस्त्यापासून लिफ्टपर्यंत एक पायरी आणि लिफ्टमधून थेट घर. तेच घेतो आहोत. पहिला दिवस विश्रांतीचा, दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला साग्रादा फामिलिया, आणि त्या दिवशी दुसरे काहीही नाही. आईने चित्रांची कात्रणे काढून टेबलावर मांडली आहेत आणि रेखाटनाच्या दोन नव्या वह्या आणायला मला आज स्टेशन रोडला पाठवले आहे.