१४ लाखांच्या फरकाची निवडणूक रद्द, २ लाखांची कायम: हे कसं?

नमस्कार मंडळी,

ऑगस्ट २०१७ मध्ये केनियात अध्यक्षपदाच्या निवडणुकीत उहुरू केन्याट्टा १४ लाख ४१ हजार मतांनी पुढे होते, तरी सुप्रीम कोर्टाने निवडणूक रद्द केली. २०२२ ला विल्यम रुटो जेमतेम २ लाख ३३ हजारांनी पुढे. निवडणूक आयोगाच्या सातापैकी चार आयुक्तांनी तो निकाल मान्य नसल्याचं जाहीर केलं, तरी निकाल टिकला. फरक मोठा तितका निकाल पक्का, असं आपण धरून चालतो. इथे उलटं का घडलं? "सगळं राजकारण आहे" हे उत्तर नको. निकाल वाचलेल्यांनी लिहावं.

सुनील

———

सुनीलराव, नमस्कार.

सुरुवात फॉर्मपासून करावी लागते. केनियात मतमोजणी मतदान केंद्रावरच होते, आपल्यासारखी पेट्या एका ठिकाणी नेऊन नाही. मोजणी संपली की केंद्राध्यक्ष फॉर्म ३४ए भरतो, उमेदवारांचे एजंट सह्या करतात, एक प्रत दारावर चिकटवली जाते आणि फॉर्मचा फोटो मतदार ओळखणाऱ्या यंत्रातून (किट) वर पाठवला जातो. मतदारसंघात सगळ्या ३४ए ची बेरीज होऊन ३४बी तयार होतो, आणि २९० मतदारसंघांचे (परदेशातल्या मतदारांचा एक वेगळा) ३४बी मिळून नैरोबीत ३४सी. २०१७ ला ४०,८८३ केंद्रं होती.

त्याच वर्षी जूनमध्ये अपील कोर्टाने सांगितलं होतं की मतदारसंघात जाहीर झालेला आकडा अंतिम, नैरोबीत बसून तो बदलता येणार नाही. म्हणजे सगळा भार खालच्या कागदावर. आणि तिथेच घोटाळा झाला. टीव्हीवर रात्रभर आकडे धावत होते, पण त्यांच्यामागचे फॉर्म दिसत नव्हते. ११ ऑगस्टला निकाल जाहीर झाला तेव्हा सगळे ३४ए आयोगाच्या हातात आलेलेच नव्हते. कोर्टाच्या रजिस्ट्रारने तपासणी केली तेव्हा ५६ ३४बी वर वॉटरमार्क नव्हता, ३१ वर अनुक्रमांक नव्हता, पाचांवर निर्वाचन अधिकाऱ्याची सही नव्हती. ज्याच्या आधारे अध्यक्ष जाहीर झाला त्या ३४सी वरसुद्धा सुरक्षेच्या खुणा नव्हत्या.

शिवाय कोर्टाने आयोगाचे सर्व्हर आणि त्यांचे लॉग (नोंदी) दाखवायला सांगितले. आयोगाने अर्धवटच दाखवले. माझ्या मते निकाल तिथेच फिरला. मागितलेला पुरावा ज्याच्या ताब्यात आहे त्यानेच तो दिला नाही, तर तो पुरावा त्याच्याविरुद्ध जातो असं न्यायाधीश धरू शकतात, आणि तसंच धरलं गेलं. १ सप्टेंबरला ४ विरुद्ध २ असा निर्णय आला.

दुसरी गोष्ट एका शब्दाची. निवडणूक कायद्याचं कलम ८३ सांगतं की कायद्याचं पालन झालं नाही म्हणून निवडणूक रद्द होणार नाही, जर ती संविधानाच्या तत्त्वांनुसार झाली असेल "किंवा" त्या चुकीचा निकालावर परिणाम झाला नसेल. बहुमताच्या न्यायाधीशांनी हे दोन स्वतंत्र निकष मानले. प्रक्रियेतच ठळक भंग झाला असेल तर तेवढ्यावर निवडणूक रद्द होऊ शकते, मग मतांचा फरक कितीही असो. १४ लाखांना उत्तर मिळालं ते असं. संसदेने त्याच वर्षी "किंवा" काढून "आणि" घातलं. २०१८ मध्ये हायकोर्टाने ती दुरुस्ती रद्द केली.

अविनाश

———

अविनाशदादा, फॉर्मचं सगळं पटलं. पण निवडणूक रद्द होण्यापाशी थांबलो तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होतं. पुढचे ६० दिवस जास्त शिकवतात.

संविधानाने मुदती कडक ठेवल्या आहेत: निकालानंतर ७ दिवसांत याचिका, १४ दिवसांत निर्णय, रद्द झाल्यास ६० दिवसांत फेरनिवडणूक. १४ दिवसांत चाळीस हजार फॉर्म बघून होत नाहीत, नमुनाच बघावा लागतो. आणि ६० दिवसांत फेरनिवडणूक घ्यायची त्याच आयोगाने, ज्याच्या कामावर कोर्टाने ठपका ठेवला. तारीख आधी १७ ऑक्टोबर होती. मतदार ओळखणारी किट नव्याने तयार करायला पुरवठादाराला वेळ हवा होता, म्हणून ती २६ वर गेली. उमेदवार आधी दोनच ठरले होते, मग हायकोर्टाच्या आदेशाने एक वाढला आणि शेवटी पहिल्या फेरीतले बाकीचेही आले. मतपत्रिका छापायला निघालेली असताना यादी बदलणं म्हणजे काय, हे निवडणुकीचं काम केलेल्यांना सांगायला नको.

१० ऑक्टोबरला केन्याट्टांचे मुख्य प्रतिस्पर्धी रायला ओडिंगा बाहेर पडले. १८ ला एक आयुक्त, रोझलिन अकोम्बे, देश सोडून न्यूयॉर्कहून राजीनामा देत्या झाल्या. मतदानाच्या आदल्या दिवशी स्थगितीचा अर्ज ऐकायला सुप्रीम कोर्टात दोनच न्यायाधीश आले, गणपूर्तीच झाली नाही. पश्चिमेकडच्या चार काउंटींतल्या २५ मतदारसंघांत मतदान होऊच शकलं नाही. देशभर मतदान सुमारे ३९ टक्के, आणि केन्याट्टांना ९८ टक्के मतं! एवढ्या मोठ्या आकड्याने कुणाचंच समाधान झालं नाही.

आफ्रिकेतल्याच मलावीत वेगळं घडलं. मे २०१९ मध्ये अध्यक्ष पीटर मुथारिका १ लाख ५९ हजारांच्या फरकाने निवडून आल्याचं जाहीर झालं. निकालपत्रांवर व्हाइटनर लावून आकडे बदललेले, मूळ फॉर्मऐवजी दुय्यम प्रती स्वीकारलेल्या. सुनावणी ऑगस्ट ते डिसेंबर चालली. साक्षीदार तपासले, उलटतपासणी झाली. ३ फेब्रुवारी २०२० ला पाच न्यायाधीशांनी सुमारे ५०० पानी निकाल दिला. ते कोर्टात आले ते बुलेटप्रूफ जाकिटं घालून. १५० दिवसांत फेरनिवडणूक, आणि "बहुमत" म्हणजे नुसती सर्वाधिक मतं नव्हेत तर निम्म्याहून जास्त, असंही त्यांनी ठरवलं. २०१९ ला मुथारिकांना ३८.५७ टक्केच होते, त्यामुळे या एका वाक्याने सगळं गणित बदललं. विरोधक एकत्र आले.

आयोगही बदलला, जरी नव्या अध्यक्षांची नेमणूक मतदानाच्या केवळ १६ दिवस आधी झाली. २३ जूनला मतदान, हाताने मोजणी, २७ ला निकाल: विरोधकांचे लाझारस चकवेरा २६ लाख ४ हजार, मुथारिका १७ लाख ५२ हजार. म्हणून माझा आग्रह असा की फेरनिवडणुकीच्या आदेशासोबत "ती कोण घेणार" हेही कोर्टाने बघायलाच हवं.

मेधा

———

मेधाताई, अविनाशराव, आभार. आपल्याकडे हे कसं चाललं असतं? फॉर्म १७सी तर आपणही ऐकून आहोत.

सुनील

———

सुनीलराव, १७सी चा पहिला भाग म्हणजे केंद्रावर किती मतं नोंदली गेली याचा हिशेब. त्याची प्रत मतदान संपताना एजंटला मिळते. उमेदवारवार मोजणी मात्र नंतर, मतमोजणी केंद्रात. त्यामुळे केंद्राच्या दारावर निकाल लागण्याचा प्रश्न येत नाही. आणि लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १००(१)(डी) नुसार नियमभंगाचा निकालावर ठोस परिणाम झाला हे याचिकाकर्त्याने सिद्ध करावं लागतं. केनियातली "किंवा"ची सवलत आपल्याकडे नाही. भ्रष्ट आचरणाचा मार्ग वेगळा आहे, पण वेळ बघा: विलेपार्ल्याची पोटनिवडणूक डिसेंबर १९८७ ची, मुंबई हायकोर्टाने ती १९८९ ला रद्द ठरवली, सुप्रीम कोर्टाचं शिक्कामोर्तब डिसेंबर १९९५ ला. ती विधानसभा १९९० लाच संपली होती. मेधाताई, १४ दिवस कमी आहेत हे मान्य, पण आठ वर्षांनी मिळालेला न्याय मतदाराच्या काय उपयोगाचा?

आता २०२२ चं राहिलं. त्या वेळी आयोगाने ३४ए चे फोटो सार्वजनिक पोर्टलवर टाकले, ४६ हजारांवर केंद्रांचे. वर्तमानपत्रं, पक्ष, विद्यार्थी, ज्याला हवं त्याने बेरीज करावी. याचिकेत आरोप होता की मधल्या मध्ये फॉर्म बदलले गेले. कोर्टाने एजंटांकडच्या प्रती, मूळ फॉर्म आणि पोर्टलवरचे फोटो ताडून पाहायला लावले. लक्षणीय तफावत निघाली नाही. ५ सप्टेंबरला सातही न्यायाधीशांनी एकमताने निकाल कायम ठेवला. लढत तर अशी घासून झाली होती की जिंकायला लागणारी निम्म्या मतांची रेषा रुटोंनी सुमारे ७० हजारांनीच ओलांडली होती.

चार आयुक्तांचा गाजलेला मुद्दा टक्केवारीचा होता: ५०.४९, ४८.८५, ०.४४ आणि ०.२३ यांची बेरीज १००.०१ येते, आणि तो जास्तीचा ०.०१ टक्का म्हणजे १ लाख ४२ हजार मतं. बेरीज बरोबर आहे. दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत पूर्णांकन केलं की असं होतं. पण वैध मतं १ कोटी ४२ लाख होती. त्यांचा ०.०१ टक्का काढून बघा, साधारण १,४२० येतात.

अविनाश