ज्वारी-सातूचा मॅश: उतारा ३७ टक्केच का पडतोय?

साखरपेठकर
तीन आठवडे हे डोकं खातंय, म्हणून विचारतो. भाचा पुण्यात मायक्रोब्रुअरीत आहे. दिवाळीला येताना मिठाईऐवजी दोन किलो सातूचं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) घेऊन आला (बहीण अजून त्याच्याशी नीट बोलत नाही). परवाना नाही, त्यामुळे यीस्टच्या वाटेला मी जात नाही. गोड वर्ट, म्हणजे माल्टचा रस काढतो, आटवून पाक करतो, नातवंडं दुधात घालून पितात.

त्या दोन किलोत एक किलो मालदांडी ज्वारी घातली, घरीच मोड आणून गच्चीवर वाळवलेली. गिरणीतून सगळ्याचा भरडा आणला. ६५ अंशाच्या पाण्यात तासभर मॅश केला, म्हणजे भिजत ठेवला, पातेलं चादरीत गुंडाळून. सोलापुरात चादरीला काय तोटा! मांजरपाटातून पिळून गाळलं तर १२ लिटर निघालं, ब्रिक्स (रसातली साखर, वजनाच्या टक्क्यात) ७.

हिशेब असा: १२ लिटर म्हणजे १२.३ किलो, त्याचे ७ टक्के ०.८६ किलो. भाचा म्हणतो, किलोमागे जास्तीत जास्त ७७० ग्रॅम साखर निघेल असं धर. म्हणजे तीन किलोचे २.३१. निघायला हवी त्यातली निघाली किती, तो उतारा ३७ टक्के! घरी करणाऱ्यालाही ७० पडतो म्हणे. फोनवर हसतोय.

गाळप_हंगाम
सोळा हंगाम कारखान्याच्या लॅबमध्ये काढलेत, माल्टमधलं मला काही कळत नाही. पण ब्रिक्स घेताना रस किती गरम होता? स्पिंडलच्या (रसात तरंगवून ब्रिक्स मोजायची काचेची नळी) पट्टीवर बारीक अक्षरात २७.५ अंश लिहिलंय का बघा.

साखरपेठकर
आहे की ओ! चष्मा लावून बघितलं. मी गाळल्या गाळल्या घेतलं, ६० अंश तरी असेल.

गाळप_हंगाम
मग तिथंच गेलं. गरम रस पातळ होतो, स्पिंडल खोल बुडतो, आकडा कमी दिसतो. २७.५ च्या स्पिंडलला ६० अंशाला साधारण ३ ब्रिक्सचा फटका बसतो. तुमचं ७ म्हणजे खरं १० च्या आसपास. स्टीलच्या पेल्यात थोडा रस घ्या, वर ताटली झाका (वाफ गेली की आकडा उगाच वाढतो), पेला माठाच्या पाण्यात ठेवा, निवला की मोजा.

दुसरं, लिटरचा नाद सोडा. लिटर गरमपणी फुगतात, वजन फुगत नाही. कारखान्यात रस वजनावरच घेतात. पातेलं काट्यावर ठेवा, रिकाम्याचं वजन वजा करा, आलेल्या किलोला ब्रिक्सने गुणा. झालं.

आणि चोथा धुतला का? आमच्याकडे शेवटच्या मिलला बगॅसवर, म्हणजे उसाच्या चोथ्यावर पाणी मारतात, इम्बिबिशन. नुसतं पिळून साखर सुटत नाही.

मंगळवेढेकरीण
१० ब्रिक्स धरलं तरी १.२३ किलोच होतं, ५३ टक्के. उरलेली खोट ज्वारीत आहे. सातूचा स्टार्च ६०-६५ अंशाला फुलतो, ज्वारीचा ७० च्या पुढे. तुम्ही ६५ वर ठेवलीत, म्हणजे ती कच्चीच राहिली. दोन किलो सातूने ७५ टक्के दिला असेल तर तोच १.१५ होतो, ज्वारीच्या वाट्याला शंभर ग्रॅमही येत नाहीत. टिंक्चर आयोडीनचा थेंब चोथ्यावर टाकून बघा, काळानिळा झाला की समजा स्टार्च तसाच पडलाय.

ज्वारीला मोड आणता कशाला? कोवळ्या ज्वारीने जनावरांना किरळ लागते ना, ते विष कोंबातच असतं. वाळल्यावर कोंब-मुळ्या चोळून पाखडून काढल्या होत्या का? त्यापेक्षा साधी ज्वारी भरडा, कण्या शिजवतो तशी भरपूर पाण्यात मऊ शिजवा, ६५ ला उतरली की सातूत घाला. साखर करायचं काम सातूचं माल्ट करतं. ज्वारीला ७७० नाही, ७०० ग्रॅम धरा.

साखरपेठकर
कोंब पाखडले होते, पण बायकोने हे वाचून उरलेला पाक फेकून दिला. बरोबरच केलं.

काल परत केलं. भाच्याने पार्सलने माल्ट पाठवलं, पैसे घेऊन. कण्या शिजवताना तळाला लागल्या थोड्या. चोथ्यावर दोन लिटर गरम पाणी सोडलं. काट्यावर १२.६ किलो, निववून ब्रिक्स १२.८. म्हणजे १.६१ भागिले २.२४ (सातूचे १.५४, ज्वारीचे ०.७), ७२ टक्के. आयोडीन पिवळंच राहिलं.

चोथ्यातून अजून गळतंय, निववून बघितलं तर २ ब्रिक्स. अजून पाणी मारू का?

गाळप_हंगाम
कारखाना असता तर म्हटलं असतं मारा.

मंगळवेढेकरीण
नको. दोनवर थांबा, पुढं टरफलाचा तुरटपणा उतरतो. शिवाय तेवढं पाणी आटवायला गॅस कोण देणार? चोथा म्हशीला घाला, आजच्या आजच. उद्या आंबतो.