स्लीव्ह होऊन ७ महिने झाले, वजन ८४ वर अडकलंय, रोज कार्ब्स नक्की किती घ्यायचे?

कडकभाकरी
नमस्कार सगळ्यांना. मी सोलापूरची, वय ३९, शाळेत शिकवते. मे महिन्यात स्लीव्ह सर्जरी (वजनासाठी जठर कापून लहान करतात ती) झाली माझी. तेव्हा वजन ११२ होतं, उंची ५ फूट २ इंच. पहिले चार-पाच महिने असं भराभरा उतरलं की गल्लीतल्या बायका थांबवून विचारायच्या काय करायलाय म्हणून. आता ८४ वर येऊन गेले ५ आठवडे काटा हलंना झालाय. एक दिवस ८३.७, दुसऱ्या दिवशी परत ८४.२. रोज सकाळी काट्यावर चढायचं नि दिवसभर डोकं खराब करून घ्यायचं असं चाललंय.

आता मूळ प्रश्न. आमच्या ऑपरेशनवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात सगळे म्हणतात कार्ब्स २० ग्रॅमच्या खाली आणा, भाकरी बंद, भात बंद, डाळसुद्धा बंद. माझ्या डाएटिशियननं डिस्चार्जच्या वेळी कागद दिला होता त्यावर सहा महिन्यांनंतर ८० ते १०० ग्रॅम लिहिलंय. कुणाचं ऐकू? त्यात आम्ही शाकाहारी, घरात अंडंसुद्धा चालत नाही. सासूबाई प्रेमानं करून घालतात, त्यांच्या हातची कडक भाकरी नि शेंगाचटणी सोडायची म्हणलं की मलाच रडू येतं. एक भाकरी पूर्ण जात पण नाही आता, अर्धीच जाते, तीसुद्धा बंद करायची का? महिन्यावर गड्डा (आमची सिद्धेश्वरांची यात्रा) आलाय, संक्रांत आलीय, घरात शेंगापोळी होणार, म्हणून आत्ताच विचारून ठेवते. ज्यांनी यातून काढलंय त्यांनी प्लीज सांगा.

विजापूररोडकर
ताई माझीपण स्लीव्हच, ११ महिने झाले. माझं ९६ वर अडकलेलं तेव्हा मी सरळ २० ग्रॅमवर आणलं, १० दिवसात साडेतीन किलो उतरलं. पनीर, चीज, अंडी, चिकन, काकडी बास. भाकरी चपातीकडं बघायचंच नाही. पहिले तीन-चार दिवस डोकं दुखतं, मग सवय होते. माझ्या मते करून बघा.

आहारवाली_रेल्वेलाईन
मी आहारतज्ज्ञ आहे, बॅरिॲट्रिकचे म्हणजे वजनासाठी ऑपरेशन केलेले पेशंट बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते, लांबलं तर समजून घ्या.

ताई, पहिल्यांदा ११२ वरून ८४ म्हणजे २८ किलो, मूळ वजनाचा बरोबर पाव भाग ७ महिन्यांत गेलाय. हे चांगलं चाललंय. स्लीव्हनंतर वजन साधारण १२ ते १८ महिने उतरत राहतं आणि ते जिन्यासारखं उतरतं, मध्ये मध्ये पायरीवर थांबतं. ११२ किलोच्या शरीराला बसून राहायला जेवढं लागायचं तेवढं ८४ च्या शरीराला लागत नाही, शिवाय सुरुवातीला तुम्ही ५००-६०० कॅलरी खात होता, आता जठराची सूज गेली, खाणं वाढलं. त्यामुळं वेग कमी होणारच. रोज काट्यावर चढू नका, आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, आणि कंबरेचं माप टेपनं घेऊन लिहून ठेवा.

कार्ब्सचा एकच आकडा सगळ्या डॉक्टरांनी मान्य केलाय असं नाहीये. पहिल्या दोन-तीन महिन्यांत ते आपोआपच ५० च्या आसपास राहतात कारण पोटात मावतच नाही. नंतर हळूहळू ८०-१०० आणि वजन स्थिरावल्यावर १३० पर्यंत, असं साधारण आम्ही जातो. पण आम्ही पेशंटला कार्ब्सच्या आधी प्रोटीन विचारतो. दिवसाला ६० ग्रॅम हे किमान, ६० ते ८० चांगलं. ते भरत नसेल तर कार्ब्स २० करा नाहीतर ८० करा, शरीर स्नायू खाणार, आणि स्नायू गेले की वजन उतरायचं अजून अवघड होतं. केस गळणं, थकवा, जिना चढताना मांड्या भरून येणं हे सगळं त्यातूनपण येतं.

२० ग्रॅमवाल्या दादांचं साडेतीन किलो खोटं नाही, पण त्यातलं बरंचसं पाणी असतं. आपल्या लिव्हरमध्ये नि स्नायूंमध्ये साखरेचा साठा असतो, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं. कार्ब्स एकदम तोडले की साठा संपतो, पाणी बाहेर पडतं, काटा खाली येतो. भाकरी परत सुरू केली की ते पाणी परत येतं आणि माणसाला वाटतं भाकरीनं वजन वाढलं.

तुम्ही एक करा. काल दिवसभरात काय काय पोटात गेलं ते आठवून इथं लिहा, चहासकट, काहीही न लपवता. मग बोलू.

बाराबंदी
ताई मी बायपासवाला आहे (हार्टचा नव्हे, वजनासाठी जठराचा करतात तो), पावणेतीन वर्षं झाली, १३१ चा ८८ झालोय. तुमची स्लीव्ह आहे त्यामुळं सगळं तसंच होईल असं नाही पण गड्ड्याचा विषय काढलात म्हणून माझा अनुभव सांगतो कारण ह्याच यात्रेत मला चांगला धडा मिळालाय.

ऑपरेशननंतरची माझी पहिलीच यात्रा होती. दरवर्षी मी बाराबंदी (यात्रेचा पांढरा पोशाख) घालून नंदीध्वजाबरोबर (यात्रेतल्या उंच मानाच्या काठ्या) असतोच, ६८ लिंगांची मिरवणूक म्हणजे दिवसभराचं चालणं. वजन कमी झालेलं, अंगात नुसता उत्साह, सकाळी थोडं दूध घेऊन निघालो नि नंतर गर्दीत खायचं राहूनच गेलं. दुपारी एका ओळखीच्यांनी उसाचा रस हातात दिला. तहान लागलेली, गटागटा अख्खा ग्लास प्यालो. वीस मिनिटं झाली नसतील, छातीत धडधड, पोटात कळा, घामानं बाराबंदी ओली. पोरांनी कडेला बसवलं. मला वाटलं हार्टचं काहीतरी झालं. जरा बरं वाटलं म्हणून परत चालायला लागलो तर दीड-दोन तासांनी हातपाय थरथरायला लागले, डोळ्यापुढं अंधारी.

डॉक्टरांनी नंतर समजावलं की ह्याला डम्पिंग म्हणतात. बायपासमध्ये गोड पातळ पदार्थ थेट आतड्यात जातो, आतडं शरीरातलं पाणी ओढून घेतं म्हणून पहिला त्रास, आणि साखर एकदम रक्तात चढली की इन्सुलिन जास्त सुटतं नि मग साखर धाडकन खाली येते तो दुसरा त्रास. स्लीव्हवाल्यांना कमी होतं पण होतं. त्यामुळं किती ग्रॅम कार्ब्स ह्यापेक्षा मला तर वाटतं कुठल्या रूपात नि कशाबरोबर हे जास्त बघा. अर्धी भाकरी उसळीबरोबर चावून चावून खाल्ली तर मला आजपर्यंत काही झालेलं नाही.

गेल्या यात्रेत खिशात भाजके फुटाणे नि पनीरचे तुकडे डब्यात, पाणी घोट घोट. अक्षता सोहळ्यापर्यंत एकदम व्यवस्थित होतो.

कडकभाकरी
बाराबंदी दादा वाचून अंगावर काटा आला ओ. जपा.

आहारवाली ताई, कालचं लिहिते. सकाळी ६ ला चहा, दीड चमचा साखर, बरोबर २ खारी. ९ ला पोहे अर्धी प्लेट. शाळेत मधल्या सुट्टीत चहा नि ३ मारी. दीड वाजता अर्धी ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, एक चमचा शेंगाचटणी. साडेचारला घरी आल्यावर चहा नि चुरमुऱ्याचा चिवडा मूठभर. रात्री वाटीभर वरण नि छोटी वाटी भात. एवढंच. मला तर हे फार कमी वाटतं म्हणून तर कळंना झालंय. प्रोटीन पावडर तिसऱ्या महिन्यानंतर सोडली, वास सहन होईना.

आहारवाली_रेल्वेलाईन
खरं लिहिलंत त्याबद्दल थँक्यू. आता हिशोब मांडते, अंदाजेच आहे पण फार चुकणार नाही.

तीन चहा, साखर नि दूध धरून ३० ग्रॅम कार्ब्स. खारी १७. मारी १३. पोहे २३. चिवडा १५. भात २८, वरण ८. आणि जिच्यासाठी तुम्हाला रडू येतं ती अर्धी भाकरी, म्हणजे २५ ग्रॅम पीठ, १७ ग्रॅम. एकूण दीडशेच्या घरात. त्यातले ७५ म्हणजे निम्मे चहा, खारी, मारी नि चिवड्यातून आलेत. भाकरीचा वाटा त्यात केवढा ते बघा.

प्रोटीनची बेरीज केली तर जेमतेम २५ ग्रॅम. मला काळजी वाटली ती ह्याची.

हे का होतं तेपण सांगते, कारण दहातल्या सात-आठ पेशंटकडं मी हेच बघते. स्लीव्हनंतर पोट एखाद्या केळ्यासारखं अरुंद राहतं. पनीर, उसळ, भाकरी असं घट्ट खाल्लं की दोन-चार घासात गच्च होतं, पुढं जात नाही. पण चहात बुडवलेली खारी, मारी, चुरमुरे हे तोंडातच विरघळतं, खाली घसरून जातं, पोट भरल्याची जाणीवच होत नाही. तासाभरानं परत जागा. म्हणून माणसाला वाटतं मी तर काहीच खात नाही, आणि ते बिचारं खरंच सांगत असतं.

आता तुम्हाला असं सुचवेन. चहा दोन करा, साखर हळूहळू पाव चमच्यावर आणा, बरोबर काहीही बुडवायचं नाही. सकाळी पोह्यांच्या जागी ७० ग्रॅम पनीर परतून, १२-१३ ग्रॅम प्रोटीन येतं. पावडरचा वास नको वाटतो तर बिनवासाची मिळते, ती ताकात किंवा कोमट वरणात घाला, उकळत्यात नको, गुठळ्या होतात. एका स्कूपला २०-२४ ग्रॅम येतं. दुपारी अर्धी भाकरी ठेवा, आधी उसळ किंवा सोयाबीन वडीची भाजी संपवायची, मग भाकरी. २५ ग्रॅम कोरड्या वड्या म्हणजे १३ ग्रॅम प्रोटीन. संध्याकाळी चिवड्याऐवजी ग्लासभर दूध किंवा दही. रात्री मुगाचं घट्ट वरण वाटीभर, भात दोन चमचे. ह्यात प्रोटीन ६५-७० ला पोचतं नि कार्ब्स आपोआप ८० च्या आसपास येतात, वेगळं काही तोडावं लागत नाही.

शेंगाचटणी चालेल, पण चमचाभरच. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला २५ ग्रॅम प्रोटीन आहे हे खरं पण जवळपास निम्मं तेल आहे, नि आपल्याकडं वरून अजून तेल घालून खायची पद्धत आहे. शेंगापोळी सणाला चतकोर, जेवणाच्या शेवटी, रिकाम्या पोटी नाही. आणि जेवताना पाणी पिऊ नका, अर्धा तास थांबा. दिवसभरात दीड ते दोन लिटर मात्र घोट घोट व्हायलाच हवं.

विजापूररोडकर
ताई तुमचं वाचून मी माझं परत बघितलं. खरं सांगतो, साडेतीनमधलं अडीच किलो भावाच्या लग्नात चार दिवस जेवलो तेव्हा परत आलं होतं, ते मी वर लिहिलं नाही. शिवाय बद्धकोष्ठता नि तोंडाला वास. कडकभाकरी ताई, माझा सल्ला मागं घेतो, तुम्ही ह्यांचंच करा.

लेक_अशोकचौक
मध्येच बोलते, पण हे लिहिणं गरजेचं वाटतं. माझ्या बाबांना शुगर आहे. ऑपरेशननंतर गोळ्या कमी केल्या होत्या पण एक चालू होती, ग्लिमेपिराईड. त्यांनी असंच कुणाचं तरी ऐकून भाकरी भात एकदम बंद केला नि गोळी मात्र तशीच घेत राहिले. पहाटे साडेचारला घामाघूम, बोलणं अडखळायलं, मशीनवर शुगर ५८, म्हणजे फारच कमी. साखरपाणी दिलं, दवाखान्यात नेलं, निभावलं. ज्यांना शुगर आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कार्ब्स तोडू नका, हात जोडून सांगते.

आहारवाली_रेल्वेलाईन
अगदी बरोबर. इन्सुलिन घेणाऱ्यांनापण हेच लागू. आणि डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा शुगरच्या ग्लिफ्लोझिनवाल्या गोळ्या चालू असतील तर फार कमी कार्ब्सनं रक्तात किटोन (चरबी जळताना तयार होतात ते) वाढून आम्ल साठायचा धोका असतो, तेव्हा मशीनवर साखर फार वाढलेली नसतानासुद्धा. उलट्या, पोटदुखी, धाप लागली तर घरी थांबू नका. आणि शुगर असो नसो, ऑपरेशननंतर वारंवार उलट्या होत असतील तर थायमिन म्हणजे बी १ जीवनसत्त्व कमी होतं, तेपण लगेच दाखवायचं.

कडकभाकरी
आज भोगी, म्हणून अपडेट टाकते. साडेतीन आठवडे झाले. पहिला आठवडा काट्यावर काहीच नाही, मी रडकुंडीला आले होते. दुसऱ्यात ८३.१. काल ८२. कंबर ३ सेंटीमीटर कमी. सकाळची खारी सोडणं सगळ्यात जड गेलं, भाकरी सोडण्यापेक्षा जड जाईल असं कधी वाटलं नव्हतं. शाळेत आता चहाच्या वेळी डब्यातले फुटाणे खाते. सासूबाईंना मी हा अख्खा धागा वाचून दाखवला, तेव्हापासून त्या स्वतः वडीची भाजी करतात, हुलग्याचं माडगं पण करतात, आणि भाकरी थापतानाच माझी लहान थापतात. आज बाजरीची तीळ लावलेली केली होती, अर्धी खाल्ली, आधी भोगीची भाजी.

एक विचारायचं राहिलं, लोहाची नि कॅल्शियमची गोळी मी सकाळी एकदमच घेते, चालतं का?

आहारवाली_रेल्वेलाईन
नाही चालत ताई, कॅल्शियममुळं लोह शोषलं जात नाही. दोन्हीत किमान दोन तासांचं अंतर ठेवा, आणि लोहाची गोळी चहाबरोबरपण नको. बी १२ नि डी जीवनसत्त्वाची तपासणी झाली नसेल तर ह्या महिन्यात करून घ्या, रिपोर्ट तुमच्या सर्जनना दाखवा.