होम नर्सिंगमध्ये पडणारे "हे बरोबर केलं का?" असे प्रश्न फोनवर कसे नोंदवावेत? मदत हवी आहे

नमस्कार. मी जीएनएम (डिप्लोमा झालेली नर्स) आहे. चौदा वर्षं हॉस्पिटलमध्ये काढली, गेली सहा वर्षं घरोघरी जाऊन नर्सिंग करते. दादर, परळ, लालबाग हा माझा पट्टा. आम्ही पाच सिस्टर आणि तीन मावशी मिळून काम करतो. आधी प्रसंग सांगते, मग प्रश्न. (पेशंटची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

चाळीतल्या दोन खोल्यांत एक आजोबा होते. पक्षाघातानंतर रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी, पातळ अन्न देण्याची नळी) घातलेली. वाचा जवळजवळ गेली होती, पण समज होती. रेडिओवर अभंग लागला की उजव्या हाताची बोटं ताल धरायची. त्याच हाताने ते ट्यूब ओढून काढायचे. तीनदा काढली. चौथ्यांदा घातल्यावर त्यांचा मुलगा म्हणाला, "सिस्टर, हात बांधून ठेवा हो आता. आमच्याने नाही बघवत." जुन्या सुती साडीची पट्टी फाडली, मनगटाला कापूस गुंडाळला, दोन बोटं आत जातील इतपत सैल ठेवून हात पलंगाला बांधला. आजोबांनी आवाज केला नाही, नुसते माझ्याकडे बघत राहिले. नंतर ॲपमध्ये नोंद केली: ट्यूब जागेवर, फीड 200 मिली, बीपी 140/90. सगळ्या टिका हिरव्या झाल्या. हाताबद्दल लिहायला त्यात रकानाच नाही.

ट्यूब टोचत होती म्हणून ते काढत होते, की त्यांना ती नकोच होती? हे मी तेव्हा कुणालाच विचारलं नाही. वॉर्डात असते तर राउंडला डॉक्टरांच्या कानावर घातलं असतं, निदान चहाच्या वेळी इन्चार्ज सिस्टरांशी बोलले असते. घरी आपण एकट्या, आणि समोर थकलेले नातेवाईक. अशा वेळी विचार करायला जागा हवी. ती फोनमध्ये करता येईल का, हा माझा प्रश्न आहे.

थोडा प्रयत्न केला आहे. 1988 मध्ये ग्रॅहम गिब्ज या शिक्षणतज्ज्ञाने मांडलेलं चिंतनचक्र (घडलेल्या प्रसंगावर टप्प्याटप्प्याने विचार करायची पद्धत) काही जणींना शिकताना होतं: काय घडलं, काय वाटलं, काय बरं-वाईट झालं, का झालं, दुसरं काय करता आलं असतं, पुढे काय करणार. त्याच्या सहा पायऱ्या मावशींना जड जातात. म्हणून गुगल फॉर्मवर चारच प्रश्न ठेवले: आज काय खटकलं? पेशंटला काय हवं होतं, आणि ते तुम्हाला कशावरून कळलं? कुणाच्या सोयीसाठी काय केलं? कुणाशी बोलायला हवं होतं? उत्तरं मराठीत बोलून भरायची. दुसऱ्या प्रश्नाने खरंच फरक पडला. एका मावशीने लिहिलं, "आजी अंघोळ नको म्हणतात, पण दार लावलं की हो म्हणतात." वर्षभर आम्ही त्यांना हट्टी म्हणत होतो!

पण दोन अडचणी आहेत.

एक म्हणजे गुप्तता. व्हॉइस नोटमध्ये नकळत नाव येतं, बिल्डिंग येते. परतीच्या लोकलमध्ये फॉर्म भरताना शेजारची बाई स्क्रीनमध्ये डोकावते. एका सहकारी सिस्टरने तर पेशंटची अख्खी हकीकत एआय चॅटमध्ये टाकून "मी चुकले का?" असं विचारलं. तिची तगमग मला समजते, पण ती हकीकत तिची एकटीची नव्हती. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आमच्यासारख्या छोट्या गटाला कसा लागू पडतो, हे कुणी सोप्या मराठीत सांगेल का?

दुसरी अडचण भीतीची. मनापासून लिहिलेलं उद्या ब्यूरोने (घरी नर्स पुरवणाऱ्या संस्थेने) किंवा नातेवाइकांनी मागितलं तर? ती भीती असेल तर कुणी खरं लिहिणार नाही. म्हणून ही नोंद पेशंटच्या केस पेपरपासून पूर्ण वेगळी हवी, असं माझं ठाम मत आहे. हात बांधला ही गोष्ट केस पेपरवर आलीच पाहिजे. मला काय वाटलं ते दुसरीकडे.

तर कुणी असं काही वापरलं आहे का, जे मराठीत चालेल, इंटरनेट नसताना भरता येईल, पासवर्डने बंद राहील आणि महिन्याच्या बैठकीनंतर पुसून टाकता येईल? मावशींचे फोन साधे आहेत, जागा कायम भरलेली असते. होम केअर किंवा पॅलिएटिव्ह केअरमध्ये (गंभीर आजारात त्रास कमी करणाऱ्या सेवेत) काम करणाऱ्यांनी जरूर लिहा.

भर (दुसऱ्या दिवशी): दोघांनी लिव्हिंग विलबद्दल (पुढे स्वतः सांगता आलं नाही तर कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवणं) विचारलं. आजोबांनी केलेलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्याला मान्यता दिली आणि 2023 मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेता येतं. पण मी जाते त्या बहुतेक घरांत तो शब्दच पोचलेला नाही. त्यामुळे फॉर्ममध्ये पाचवा प्रश्न घातला आहे: "पेशंटने आधी कधी, कुणाजवळ, काही बोलून ठेवलं आहे का?" आज एका घरी तो सुनेला विचारला. ती गॅस बंद करून येऊन बसली आणि अर्धा तास बोलत होती. ते सगळं फोनवर कुठे आणि किती लिहायचं, तेही सांगा.